झाय की अर्धचंद्र?

पश्चिम आफ्रिकेतल्या बुर्किना फासोच्या उत्तरेला, यातेंगा भागात, जमिनीवर असा कडक पापुद्रा धरतो की पाऊस पडला तरी पाणी वरून वाहून जातं. तिथले मोसी समाजाचे शेतकरी अशा उजाड जमिनीला 'झिपेले' म्हणतात. ती पिकाखाली आणायला तिथे आणि शेजारच्या नायजरमध्ये दोन तऱ्हेचे खड्डे घेतात: झाय आणि अर्धचंद्राच्या आकाराचे. फोटोत दोन्ही सारखेच वाटतात, काम मात्र वेगळं.

झाय म्हणजे लहान आळं: 20 ते 40 सेंमी रुंद, 10 ते 20 सेंमी खोल, दोहोंत 70 ते 100 सेंमी अंतर. हेक्टरी 10,000 आणि वर खड्डे बसतात. सगळं कुदळीने, कोरड्या हंगामात, हेक्टरी किमान 300 तासांची मेहनत. निघालेली माती उताराच्या बाजूला टाकतात आणि खड्ड्यात ओंजळभर शेणखत घालतात. खरी गंमत पुढे आहे: खताच्या ओढीने वाळवी येते, तिची बिळं पापुद्रा फोडतात आणि पाणी खोल मुरतं. आपण जिला मारायला धावतो, ती इथे फुकटची मजूर! पहिल्या चांगल्या पावसावर ज्वारी किंवा बाजरी पेरतात. खड्डे जुनेच होते. यातेंगातले शेतकरी याकूबा सावाडोगो यांनी ते मोठे केले, त्यात खत घातलं. 2018 मध्ये त्यांना 'पर्यायी नोबेल' म्हणतात तो राइट लाइव्हलीहुड पुरस्कार मिळाला.

खत नसेल तर झाय म्हणजे नुसतं डबकं. पाणी मिळतं, पण पीक पिवळंच राहतं. वाळूत कडा ढासळतात. पाऊस 800 मिमीच्या वर गेला तर मुळं पाण्यात कुजतात.

अर्धचंद्र पुष्कळ मोठा: व्यास 4 मीटर, खोली 15 ते 25 सेंमी, हेक्टरी सुमारे 315. तोंड चढाकडे, मातीचा बांध उताराकडे, आणि पुढची रांग मधल्या फटीसमोर. तो वरच्या मोकळ्या जमिनीवरचं वाहतं पाणी अडवतो, म्हणून पाऊस आणखी कमी असेल तिथे, गवत-झाडांसाठीही, तोच बरा. चूक बहुधा एकच होते: दोन्ही टोकं समपातळीत नसतात. मग खालच्या टोकाने पाणी निसटतं, बांध कापत जातं आणि खालच्या रांगाही फोडतं. म्हणून खणण्याआधी पाणनळीने (पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने) समपातळीची रेषा आखून घेतात.