कॅटला आठवण असते, फाशाला नसते

श्रावण लागला की बडोद्याच्या गुजराती वर्तमानपत्रांत एक ठरलेली बातमी सुरू होते: अमुक सोसायटीत श्रावणिया जुगार खेळताना इतके जण पकडले. सातम-आठम, म्हणजे जन्माष्टमीचे दिवस, जवळ आले की अशा बातम्या वाढतच जातात. तशीच एक बातमी वाचून शेजारच्या वहिनींनी मला विचारलं, "आमचा मुलगा नि त्याचे मित्र जिन्यात बसून पोकेमॉनची कार्डं खेळत असतात. पत्ते पिसायचे आणि वाटायचे, म्हणजे तोही नशिबाचाच खेळ ना? मग जुगारात आणि त्यात फरक काय?"

पैसे लावले नाहीत म्हणून जुगार नाही, एवढं सांगून मोकळं होता आलं असतं. पण वहिनींचा खरा प्रश्न तेवढ्याने सुटत नाही. खेळात नशीब आलं की कौशल्य तेवढं कमी झालं, असं आपण धरून चालतो. ते बरोबर नाही. नाणेफेकीत नशीब भरपूर आणि कौशल्य शून्य. पोकेमॉन किंवा मॅजिक: द गॅदरिंगसारख्या कार्डखेळात, जिथे प्रत्येक जण आपली कॅट स्वतः जुळवून आणतो, नशीबही भरपूर आणि कौशल्यही भरपूर. हे कसं शक्य होतं, याचं मर्म पत्त्यांच्या एका साध्या गुणात आहे, आणि मला तो गुण फार आवडतो.

फाशाचं उदाहरण घेऊ. सहा वेळा फासा टाकला, एकदाही सहा पडला नाही. आता सातव्या वेळी सहा पडण्याची शक्यता वाढली का? नाही. ती एक-षष्ठांशच राहते, कारण आधी काय पडलं हे फाशाला ठाऊक नसतं. पत्त्यांचं तसं नाही. काढलेलं पान सहसा लगेच कॅटमध्ये परत जात नाही. त्यामुळे प्रत्येक पान उरलेल्या पानांविषयी काहीतरी सांगून जातं.

पोकेमॉनच्या कॅटमध्ये, म्हणजे मुलांच्या भाषेत डेकमध्ये, बरोबर ६० कार्डं असतात. मूळ एनर्जी कार्डं (पोकेमॉनला हल्ल्यासाठी शक्ती देणारी) सोडली तर एकाच नावाची जास्तीत जास्त चार ठेवता येतात. सुरुवातीला सात कार्डं हातात घ्यायची आणि त्यांत निदान एक बेसिक पोकेमॉन, म्हणजे थेट मांडता येणारा पोकेमॉन, हवाच. नसेल तर हात उघडा करून दाखवायचा, पुन्हा पिसायचं, पुन्हा सात घ्यायची, आणि वर प्रतिस्पर्ध्याला एक जादा कार्ड घ्यायची मुभा.

समजा, ६० पैकी १२ बेसिक आहेत. पहिलं कार्ड बेसिक नसण्याची शक्यता ४८/६०. तेही गेलं, आता उरली ५९, त्यांत बेसिक नसलेली ४७. म्हणून दुसऱ्या कार्डाला ४७/५९. मग ४६/५८, असं करत सातव्या कार्डाला ४२/५४. या सात अपूर्णांकांचा गुणाकार येतो ०.१९०६, म्हणजे १९ टक्के. प्रत्येक कार्ड पाहून परत आत ठेवलं असतं, तर ०.८ चा सातवा घात घ्यावा लागला असता आणि उत्तर २१ टक्के आलं असतं. हा दोन टक्क्यांचा फरक म्हणजे कॅटची आठवण. नको असलेलं प्रत्येक कार्ड बाहेर पडलं की हवं ते येण्याची शक्यता थोडी वाढते.

आता १२ ऐवजी आठच बेसिक ठेवले, तर हात फुकट जाण्याची शक्यता सुमारे ३५ टक्के होते. १६ ठेवले तर १० टक्के. मग सगळेच १६ का ठेवत नाहीत? कारण जागा ६० च. एक बेसिक वाढवला की एक ट्रेनर (मदतीचं कार्ड) किंवा एनर्जी कार्ड कमी करावं लागतं. म्हणजे नशिबाला किती वाव द्यायचा, हे तो मुलगा पत्ते पिसण्याच्या आधीच, घरी बसून ठरवतो. कौशल्याचा मोठा भाग इथेच खर्च होतो.

पुढे डावातही हेच. एखाद्या कार्डाच्या चार प्रती आहेत. सुरुवातीला पुढचं कार्ड तेच असण्याची शक्यता ४/६०, म्हणजे ७ टक्क्यांहून कमी. २० कार्डं पाहून झाली आणि चारांपैकी एकही दिसलं नाही, तर ४/४०, म्हणजे १० टक्के. ४० पाहून झाली तर २० टक्के. शिवाय प्रत्येक खेळाडूची सहा कार्डं सुरुवातीलाच बक्षीस म्हणून पालथी बाजूला ठेवलेली असतात. ज्या कार्डाची एकच प्रत आहे, ते त्या सहांत अडकण्याची शक्यता दहात एक. चांगला खेळाडू पहिल्यांदा स्वतःची कॅट शोधायची संधी मिळते तेव्हा हवं ते कार्ड तर घेतोच, पण त्याच वेळी काय दिसत नाही हेही मोजतो, आणि त्या सहांत काय पालथं पडलंय ते ओळखतो.

१९६८ साली सर्वोच्च न्यायालयाने रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरवला, तेव्हा दिलेलं कारण नेमकं हेच होतं: कोणती पानं पडली ते लक्षात ठेवावं लागतं, आणि काय धरायचं नि काय टाकायचं हे ठरवावं लागतं. तीन पत्तीसारखा खेळ मात्र निव्वळ नशिबाचा, असं त्याच निकालात आहे. न्यायमूर्तींनी गणित मांडलं नाही, पण बोट बरोबर जागी ठेवलं.

ही आठवण पुसण्याचं काम पिसण्याचं. १९९२ मध्ये डेव्ह बायर आणि पर्सी डायकोनिस या गणितज्ञांनी दाखवलं, की ५२ पत्त्यांचे दोन भाग करून एकमेकांत मिसळण्याची पद्धत वापरली, तर पुरेशी सरमिसळ व्हायला सुमारे सात वेळा पिसावं लागतं. आपण घरी मूठमूठ पत्ते वरखाली सरकवतो, ती पद्धत तर याहून कितीतरी संथ. आणि नीट पिसल्यावर काहीच शिल्लक राहत नाही. म्हणून "मागचे तीन डाव पानं लागली नाहीत, आता लागणारच" हा समज खोटा आहे. कॅटवर फुंकर मारणं, ठराविक दिशेला तोंड करून बसणं, शुभ रंगाचं कव्हर घालणं, यांतलं काहीही त्या १९ टक्क्यांना हात लावू शकत नाही. मुलांना हे आत्ताच, आकडे मांडून सांगायला हवं. पुढे याच समजापायी माणसं घरदार घालवतात.

इतर खेळांनी नशिबाची मात्रा वेगळी ठेवली आहे. मॅजिक हा खेळ १९९३ चा, रिचर्ड गारफिल्ड या गणितज्ञाने रचलेला. त्यात ६० पैकी २४ ‘लँड’, म्हणजे बाकीची कार्डं खेळायला लागणारी साधनकार्डं, ठेवल्या, तर पहिल्या सात कार्डांत दोन ते चार लँड येण्याची शक्यता ७७ टक्के. उरलेल्या वेळी हात उपाशी तरी राहतो, नाहीतर लँडनेच भरून जातो. यु-गि-ओ या आणखी एका कार्डखेळात अशी साधनकार्डंच नाहीत आणि कॅट ४० ची चालते, त्यामुळे तिथे हात कोरडा जाण्याचं दुःख कमी.

मग कौशल्य दिसतं केव्हा? बरोबरीच्या लोकांत १०० पैकी ५५ डाव जिंकणारा खेळाडू खरोखर चांगला असतो. पण अगदी सरासरी खेळाडूलाही १०० डावांत ५५ किंवा अधिक विजय निव्वळ योगायोगाने मिळण्याची शक्यता सुमारे १८ टक्के आहे. फरक खात्रीने दिसायला ४०० च्या आसपास डाव लागतात. तीनपैकी दोन डावांचा सामना ठेवला तरी ५५ चे साडेसत्तावन्नच होतात. अगदी सारख्या ताकदीचे १२८ जण बाद फेरीत उतरवले, तर सातही सामने जिंकलेला एक जण निघणारच. त्याची मुलाखत घेऊन यशाचं रहस्य विचारण्यात अर्थ नाही.

राहिला वेगवेगळ्या कॅटमधला समतोल. दगड-कागद-कात्रीसारख्या तीन कॅट घ्या: अ हरवते ब ला, ब हरवते क ला, क हरवते अ ला, प्रत्येक वेळी ६० टक्के. अशा वेळी तिन्ही सारख्याच खेळल्या जातात. आता नवं कार्ड आलं आणि अ ही ब ला ७० टक्के वेळा हरवू लागली. अ चा वाटा वाढेल असं वाटतं. पण स्थिर मिश्रण काढलं तर अ २५ टक्के, ब २५ टक्के आणि क ५० टक्के येते. पडताळा सोपा आहे: बरोबरीच्या ५० टक्क्यांपासून मोजलं, तर अ ला ब विरुद्ध २० गुणांचा फायदा गुणिले पाव, वजा क विरुद्ध १० गुणांचा तोटा गुणिले अर्धा, बाकी शून्य. ब आणि क साठीही शून्यच येतं, म्हणून कोणालाच कॅट बदलण्यात फायदा उरत नाही. अ आणखी बळकट होऊन ८० टक्क्यांवर गेली, तर तिचा वाटा एक-पंचमांश होतो आणि क ६० टक्क्यांवर जाते. ब घाबरून मागे हटते, आणि ब ला भिणारी क मोकळी सुटते.

पोकेमॉन आणि मॅजिकच्या मुख्य स्पर्धांतून जुने संच ठराविक काळाने बाद होतात, यु-गि-ओमध्ये बंदी आणि मर्यादेची यादी निघते. ही यादी करणाऱ्याने कोणती कॅट किती जण खेळतात एवढीच डोकी मोजली, तर त्याला सगळीकडे क च दिसेल आणि तो क चं कार्ड बंद करेल. बिघाड मात्र अ मध्ये आलेल्या त्या नव्या कार्डाचा असेल.