विज्ञान शिक्षणात पीएच.डी. : अर्ज भरण्याआधी आपली एम.एस्सी. कुठे चालते ते पाहा

भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झालंय, शाळेत शिकवतेय आणि मुलं विज्ञान कशी शिकतात यावर संशोधन करायचंय, तर अर्ज कुठे करू? हा प्रश्न मला दरवर्षी कुणी ना कुणी विचारतं. उत्तर देण्याआधी मी उलट विचारते, पदव्युत्तर पदवी नेमकी कोणत्या विषयाची? कारण वाट तिथेच फुटते.

एम.एड. किंवा शिक्षणशास्त्रात एम.ए. असेल तर विद्यापीठाचा शिक्षणशास्त्र विभाग तुमच्यासाठी खुला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या नियमांनुसार पदव्युत्तर पदवीला 55 टक्के लागतात, मागासवर्गीय, आर्थिक दुर्बल आणि दिव्यांग उमेदवारांना 5 टक्के सवलत आहे. 2024 पासून नेटचा, म्हणजे राष्ट्रीय पात्रता परीक्षेचा, निकाल तीन गटांत लागतो. जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती, मिळाली तर प्रवेश मुलाखतीवर होतो. बाकी दोन गटांत नेटच्या गुणांना 70 आणि मुलाखतीला 30 टक्के वजन असतं, आणि ते गुण पीएच.डी. प्रवेशासाठी एकच वर्ष चालतात. म्हणजे निकाल लागल्यावर 'पुढच्या वर्षी बघू' म्हणालात तर पुन्हा परीक्षा. काही विद्यापीठांची स्वतःची पेट, म्हणजे पीएच.डी. प्रवेश परीक्षाही असते, त्यामुळे नेट हुकली म्हणून थांबू नका, जाहिरात वाचा.

निव्वळ एम.एस्सी. असेल तर गाडी इथे अडते. तुम्ही सीएसआयआरची (वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेची) नेट देता, ती भौतिक, रसायन किंवा जीवविज्ञानाची. शिक्षणशास्त्र विभाग मागतो शिक्षणशास्त्राची. अशांसाठी मुंबईत मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. 1974 साली सुरू झालेलं हे केंद्र टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा भाग आहे, आणि पीएच.डी.ची पदवी अभिमत विद्यापीठ म्हणून त्याच संस्थेची मिळते. विज्ञानाचे पदव्युत्तर आणि अभियांत्रिकीचे पदवीधर तर इथे येतातच, समाजशास्त्र-मानसशास्त्राकडून आलेलेही असतात. निवड लेखी परीक्षा आणि मुलाखतीतून होत आली आहे. जळगाव जिल्ह्यातल्या खिरोद्याच्या शाळांमधल्या कामापासून या केंद्राची ओळख झाली. शाळेच्या वर्गात बसून संशोधन करायची सवय इथे जुनी आहे, म्हणून अर्जासोबतचं हेतुपत्र, म्हणजे कशावर आणि का संशोधन करायचंय ते सांगणारं पत्र, फार मन लावून लिहा. 'मला विज्ञानाची आवड आहे' एवढ्याने भागत नाही. सातवीच्या मुलीने बल्बला एकच वायर लावली, दिवा लागला नाही, तेव्हा ती म्हणाली, 'सेल उतरलाय वाटतं.' तिने असं का म्हटलं असेल, आणि ते कसं शोधाल? एवढं एक पान नीट लिहिलंत तर मुलाखतीत बोलायला विषय मिळतो.

कागदपत्रांत गुणपत्रिका आणि पदवी प्रमाणपत्र सगळेच जमवतात. लोक अडकतात ते लहान कागदांवर. स्थलांतर प्रमाणपत्र, ग्रेड असतील तर टक्क्यांत रूपांतर केल्याचं विद्यापीठाचं पत्र, लग्नानंतर नाव बदललं असेल तर राजपत्राची प्रत, नोकरीत असाल तर ना-हरकत प्रमाणपत्र. राखीव प्रवर्गातून अर्ज करताना जात प्रमाणपत्रासोबत वैधता प्रमाणपत्र मागितलं जातं, इतर मागासवर्गीयांना मुदतीतलं नॉन-क्रीमीलेअरही लागतं. वैधतेला महिने लागू शकतात, जाहिरातीची वाट न बघता आधीच अर्ज टाका.

मार्गदर्शक शोधताना त्यांच्याकडे जागा आहे का, हे स्पष्ट विचारा, त्यात संकोच नको. एका वेळी प्राध्यापकाला 8, सहयोगी प्राध्यापकाला 6 आणि सहायक प्राध्यापकाला 4 विद्यार्थी घेता येतात. निवृत्तीला 3 वर्षांपेक्षा कमी उरली असतील तर नवा विद्यार्थी घेता येत नाही. किमान कालावधी 3 वर्षं, कमाल 6. महिला आणि 40 टक्क्यांहून जास्त दिव्यांगत्व असलेल्यांना आणखी 2 वर्षं मिळू शकतात. जेआरएफला पहिली दोन वर्षं महिना 37,000 रुपये आणि पुढे 42,000, घरभाडं वेगळं. जेआरएफसाठी वयाची अट खुल्या गटाला 30, महिला आणि राखीव गटांना सवलत.

आता ज्यावर कुणी आधी बोलत नाही ते. शाळेत माहिती गोळा करायची तर मुख्याध्यापकांची लेखी परवानगी लागते, जिल्हा परिषदेची शाळा असेल तर शिक्षणाधिकाऱ्यांचीही, शिवाय पालकांचं संमतीपत्र आणि संस्थेच्या नीतिमत्ता समितीची मान्यता. माझ्या पहिल्या संमतीपत्रात 'निरीक्षण' एवढाच शब्द होता, 'चित्रीकरण' नव्हता. तीन आठवड्यांचे वर्गातले व्हिडिओ मला बाजूला ठेवावे लागले, कारण पालकांनी ते मान्यच केलेलं नव्हतं. तेव्हापासून संमतीपत्र मी सोप्या मराठीत लिहिते, चित्रीकरण, फोटो आणि आवाज असे तीन वेगळे चौकोन ठेवते, आणि एखाद्या आईला वाचायला अडचण असेल तर ते वाचून दाखवते. मुलालाही विचारते, 'चालेल ना रे तुला?' तो नको म्हणाला तर त्याला घेत नाही.

नोकरीचा विचार प्रवेश घेतानाच करा. बी.एड. महाविद्यालयात विज्ञान अध्यापनशास्त्र शिकवायचं तर राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या 2014 च्या नियमांत विज्ञानातली पदव्युत्तर पदवी आणि एम.एड., दोन्हींत 55 टक्के अशी अट आहे. पीएच.डी. तिथे एम.एड.ची जागा घेत नाही. त्याच नियमांत बी.एड. आणि एम.एड. प्रत्येकी दोन वर्षांचे, म्हणजे हे नंतर लक्षात आलं तर चार वर्षं वाढली. मला हा नियम विज्ञान शिक्षणातल्या संशोधकांवर अन्याय करणारा वाटतो. पण नियम बदलत नाही तोवर, अध्यापक महाविद्यालयात जायचं असेल तर एम.एड. आधी करून पीएच.डी.कडे वळा. विज्ञान महाविद्यालयात सहायक प्राध्यापक व्हायचं असेल तर आपल्या मूळ विषयाची नेट किंवा सेट (राज्याची पात्रता परीक्षा) काढून ठेवा. जुलै 2023 पासून त्या पदासाठी तीच किमान पात्रता आहे, पीएच.डी. ऐच्छिक.

प्रबंध मान्य झाल्यावर पदवीच्या कागदाआधी तात्पुरतं प्रमाणपत्र मिळतं. त्यावर पीएच.डी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनुसार दिली असल्याचं वाक्य आणि विषयाचं नाव नीट आलंय का, हे खिडकीवरून हलण्याआधीच वाचून घ्या.