किल्लारी भूकंप : जुने गाव आणि नवे गाव

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत भूकंप झाला. आदल्या रात्री अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून लोक नुकतेच झोपले होते. सुमारे ८ ते १० हजार माणसे दगावली. किल्लारी, सास्तूर आणि आसपासची कित्येक गावे जमीनदोस्त झाली आणि पुढच्या काही वर्षांत ५२ गावे नव्या जागी वसवण्यात आली. राहते गाव, घर, शेजार आणि घरातली माणसे एकाच पहाटे गेल्यावर लोक त्या बदलाकडे कसे पाहतात आणि तो कसा अंगवळणी पाडतात, हा या नोंदीचा विषय आहे.

दख्खनचे पठार स्थिर समजले जाई, त्यामुळे हा भाग तेव्हाच्या नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. १९९२ मध्ये किल्लारीला हादरे जाणवले होते, पण थोड्या दिवसांत ते थांबले. भूकंपाची तीव्रता ६.२ च्या आसपास होती. त्या मानाने मनुष्यहानी फार मोठी झाली. याचे कारण घरांच्या बांधणीत होते. दोन-अडीच फूट जाडीच्या भिंती काळ्या दगडांच्या आणि मातीत रचलेल्या. त्यांच्या दोन तोंडांना बांधून ठेवणारा आरपार दगड सहसा नसे. वर लाकडी तुळयांवर मातीचा जाड थर, म्हणजे माळवद. अनेक ठिकाणी सागवानी खांब उभेच राहिले आणि भिंती मात्र आत-बाहेर ढासळल्या.

माळवदाचे घर उन्हाळ्यात गार राहते, घराण्याची पत दाखवते, पिढ्यान्‌पिढ्या टिकते. त्या पहाटेनंतर त्याच दगडाची धास्ती बसली. घर धड राहिले होते तेही महिनोन्‌महिने अंगणात किंवा पत्र्याच्या शेडमध्ये झोपत. ‘दगड नको, स्लॅब द्या’ आणि ‘ही जागा नको’ या दोन मागण्या याच धास्तीतून आल्या. जुन्या जागेवरच पुन्हा बांधता आले असते का, हा प्रश्न तेव्हा फारसा कोणाला ऐकायचा नव्हता. ढिगाऱ्यातून आपली माणसे काढलेल्यांना तो विचारणेही अवघड होते, हे मान्य करायला हवे.

जागतिक बँकेच्या मदतीने राज्य सरकारने पुनर्वसन कार्यक्रम राबवला. अनेक गावे देणगीदार संस्थांनी दत्तक घेऊन बांधली. घराचे क्षेत्रफळ जमीनधारणेवर ठरले : २५०, ४५० किंवा ७५० चौरस फूट. आखणी नगररचनेची होती. सरळ रुंद रस्ते, रांगेने प्लॉट, मधे मोकळी जागा. गावाचा विस्तार कित्येक पटींनी वाढला.

राहायला गेल्यावर हळूहळू दुसरी जाणीव सुरू झाली. भीती एका रात्रीत बसली होती. काय गमावले ते कळायला मात्र वर्षे लागली. गल्ली गेली, देवडी गेली, भाऊबंद वेगवेगळ्या रांगांत विखुरले. वाड्याच्या भिंतीआड दिवसभर वावरणाऱ्या बायकांना रस्त्यावरून थेट दिसणाऱ्या दारात बसणे नकोसे वाटे. गुरांना जागा नव्हती, शेत काही जणांना लांब पडले, स्लॅब उन्हाळ्यात तापे. रस्ते, दिवे आणि लांबलेल्या पाइपलाइनचा खर्च ग्रामपंचायतीच्या गळ्यात पडला तो वेगळाच.

लोकांनी तक्रारी केल्या आणि बदलही केले. आधी प्लॉटभोवती उंच कुंपणभिंत आली, मग तिला वाड्यासारखे दार. आत न्हाणी, चूल, जनावरांसाठी पत्र्याचा गोठा. काही ठिकाणी जुन्या गावाचे दगड आणि सागवान उचलून आणून वाढीव खोल्या बांधल्या. या खोल्यांत भूकंपरोधक बांधणीचे नियम पुष्कळदा पाळलेले नसत. यामागे केवळ विस्मृती आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. २५० चौरस फुटांत दोन सुना आल्यावर कुटुंबाला खोली हवीच असते, आणि गवंड्याला जी बांधणी येते तीच तो करतो.

ज्या हजाराहून अधिक गावांत नुकसान तुलनेने कमी होते, तिथे स्थलांतर न करता दुरुस्ती व मजबुतीकरण झाले. पैसे हप्त्याहप्त्याने थेट घरमालकाला मिळत. ‘संवाद सहायक’ म्हणून नेमलेल्या गावातल्याच स्त्रिया घरोघरी जाऊन कामाची आणि हप्त्यांची माहिती देत. इथे बदल घरच्यांच्या डोळ्यांदेखत आणि त्यांच्या हातून घडला, त्यामुळे भिंतीत आरपार दगड कशासाठी घालायचा हे निदान त्या घराला ठाऊक झाले. नव्या वसाहतींत घराची चावी मिळाली, पण ही समज फार थोड्यांना मिळाली. प्रस्तुत लेखकाच्या मते दोन्ही पद्धतींतला खरा फरक हाच आहे.

२००१ मध्ये कच्छला भूकंप झाल्यावर लातूर-उस्मानाबादच्या काही स्त्रिया तिथल्या गावांना अनुभव सांगायला गेल्या. तिथे बहुतेक गावांनी सरसकट स्थलांतर नाकारले आणि घरमालकाने स्वतः बांधायची पद्धत मोठ्या प्रमाणावर स्वीकारली गेली.