अ‍ॅसिडिटीची गोळी आणि हृदयाची धडधड

बांगडा बर्फाविना उन्हात पडून राहिला की त्यात एक रासायनिक घडामोड सुरू होते. बांगडा, कुपा अशा माशांच्या गडद मांसात हिस्टिडिन नावाचं अमिनो आम्ल भरपूर असतं. जिवाणू त्याच्या रेणूतला एक तुकडा काढून टाकतात आणि हिस्टामिन तयार होतं. ते एकदा तयार झालं की मासा तळा नाहीतर आमटीत उकळा, जात नाही. असा मासा खाल्ला की थोड्याच वेळात चेहरा लाल होतो, डोकं ठणकतं, अंगावर गांधी उठतात आणि छातीत धडधडू लागतं. घरचे म्हणतात, ‘मासळी बाधली.’ डॉक्टर अ‍ॅव्हिलसारखं अ‍ॅलर्जीचं औषध देतात. लक्षणं जोराची असतील तर त्याच्या जोडीला फॅमोटिडिनसारखं अ‍ॅसिडिटीचं औषधही देतात.

पोटात जळजळ नाही, आंबट ढेकर नाही, मग अ‍ॅसिडिटीचं औषध कशाला? या प्रश्नाचं अर्धं उत्तर रक्तवाहिन्यांत आहे आणि अर्धं हृदयात. त्यातलं हृदयाचं उत्तर मला फार आवडतं, कारण अ‍ॅसिडिटीची ही औषधं सापडली तीच मुळी धडधडणाऱ्या हृदयाच्या एका तुकड्यामुळे.

हिस्टामिन फक्त बाहेरून येत नाही. आपल्या शरीरातल्या मास्ट पेशी ते दाण्यांच्या रूपात साठवून ठेवतात. त्वचेत, फुप्फुसांत, आतड्यांत या पेशी असतात तशा हृदयातही असतात, हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांच्या आसपाससुद्धा. १९१० साली लंडनमध्ये हेन्री डेल आणि पॅट्रिक लेडलॉ यांनी हिस्टामिनचे प्राण्यांवरचे परिणाम तपशिलात नोंदवले. पुढे १९३७मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत डॅनियल बोव्हे आणि अ‍ॅन-मारी स्टॉब यांनी हिस्टामिनला अडवणारं पहिलं रसायन शोधलं. ते स्वतः औषध म्हणून वापरण्याइतकं सुरक्षित नव्हतं, पण त्याच वाटेने १९४०च्या दशकात अ‍ॅलर्जीवरच्या गोळ्या आल्या.

या गोळ्यांनी शिंका थांबल्या, खाज थांबली, गांधी विरल्या. दोन-तीन ठिकाणी मात्र त्यांची मात्रा चालेना. हिस्टामिनने जठरात आम्ल सुटत असे, ते सुटतच राही. गिनीपिगच्या हृदयाचे ठोके हिस्टामिनने वाढत, ते वाढतच राहत. उंदराच्या गर्भाशयाचा स्नायू हिस्टामिनने सैल पडे, तोही तसाच पडत राही. औषधाचा डोस कितीही वाढवला तरी फरक नाही. १९६६मध्ये अ‍ॅश आणि शिल्ड यांनी या गोळ्या जिथे काम करतात त्या रिसेप्टरला एच-१ हे नाव दिलं. ‘१’ म्हटल्यावर ‘२’ कुठेतरी असणार हे त्यात आलंच.

रिसेप्टर म्हणजे पेशीच्या आवरणात रुतलेलं प्रथिन. ठरावीक रेणू येऊन त्याला चिकटला की पेशीच्या आत संदेश जातो. अडवणारं औषध त्याच खाचेत जाऊन बसतं, पण संदेश देत नाही. बसमध्ये सीटवर रुमाल टाकून जागा धरावी तसं. आणि इथला नियम असा की हिस्टामिनची गर्दी पुरेशी वाढली, तर ते आपली जागा परत मिळवतं. किती औषध असताना किती जादा हिस्टामिन लागतं हे मोजलं, की औषधाची त्या रिसेप्टरवरची पकड आकड्यात सांगता येते.

हाच हिशेब जेम्स ब्लॅक या स्कॉटिश संशोधकाने हाताशी धरला. १९६४पासून तो लंडनच्या उत्तरेला वेल्विन गार्डन सिटीमध्ये स्मिथ क्लाइन अँड फ्रेंच कंपनीच्या प्रयोगशाळेत या ‘दुसऱ्या’ रिसेप्टरच्या मागे लागला. गिनीपिगच्या हृदयाचं उजवं अलिंद, म्हणजे वरचा उजवा कप्पा, वेगळं करून प्राणवायू मिसळलेल्या कोमट क्षारद्रावणात टांगून ठेवलं, तर ते आपलं आपण धडधडत राहतं, कारण ठोक्यांचा ताल देणारी गाठ त्यातच असते. त्यात हिस्टामिनचे थेंब टाकायचे, ठोके मोजायचे. मग नवं रसायन टाकायचं, पुन्हा हिस्टामिन, पुन्हा ठोके. अशी शेकडो रसायनं तयार झाली आणि बहुतेक सगळी निकामी ठरली. १९७२मध्ये बुरिमामाइड नावाच्या रसायनाची कामगिरी जाहीर झाली. त्याने गिनीपिगच्या अलिंदाचे वाढलेले ठोके अडवले, उंदराच्या गर्भाशयावरचा परिणाम अडवला आणि जठरातलं आम्लही अडवलं. शिवाय हृदयाच्या आणि गर्भाशयाच्या तुकड्यांवर त्याची पकड मोजली तर जवळजवळ सारखीच निघाली. इतक्या वेगळ्या प्राण्यांच्या इतक्या वेगळ्या अवयवांत आकडे जुळतात, याचा अर्थ कुलूप एकच. ते एच-२. मला हा प्रयोग सुंदर वाटतो, कारण रिसेप्टर तेव्हा कोणी पाहिलेला नव्हता. तो केवळ मोजमापातून हाती आला.

यात प्राण्याची निवडही महत्त्वाची होती. उंदराच्या हृदयावर हिस्टामिनचा असा थेट परिणाम फारसा दिसत नाही. गिनीपिगचं हृदय या बाबतीत माणसाच्या हृदयाच्या बरंच जवळचं आहे.

बुरिमामाइड तोंडावाटे घेतल्यावर नीट शोषलं जात नव्हतं. त्यानंतरच्या मेटियामाइडने काही रुग्णांच्या पांढऱ्या पेशी घटल्या. तिसरं सिमेटिडिन. ते १९७६मध्ये ब्रिटनच्या बाजारात आलं आणि अल्सरसाठी पोट कापण्याची पाळी कितीतरी लोकांवरून टळली. रॅनिटिडिन, फॅमोटिडिन ही त्याचीच पुढची भावंडं.

आता माणसाच्या हृदयात काय घडतं ते पाहू. एच-२ अलिंदांतही आहे आणि निलयांत, म्हणजे खालच्या कप्प्यांतही. हिस्टामिन त्याला चिकटलं की पेशीत सायक्लिक एएमपी नावाचा निरोप्या रेणू वाढतो. त्यामुळे कॅल्शियम आत येण्याच्या वाटा अधिक उघडतात, स्नायू जोराने आकसतो आणि ठोक्यांचा वेगही वाढतो. एच-१चं काम वेगळंच. तो अलिंदाकडून निलयाकडे जाणारा विद्युतसंदेश मंदावतो, आणि हृदयाच्या धमन्या आवळूही शकतो. तिसरा, एच-३, हृदयाकडे येणाऱ्या मज्जातंतूंच्या टोकांवर बसतो आणि तिथून सुटणाऱ्या, हृदयाला वेग देणाऱ्या नॉरअ‍ॅड्रेनालिनला लगाम घालतो. म्हणजे एकच रेणू एका हाताने चाबूक मारतो आणि दुसऱ्याने लगाम खेचतो.

बाधलेल्या मासळीकडे परत येऊ. रक्तवाहिन्या सैल पडून रक्तदाब उतरतो, तो एच-१ आणि एच-२ या दोन्हींमुळे. दाब उतरला म्हणून हृदय धावू लागतं, आणि त्यात हृदयातला एच-२ स्वतःची भर घालतो. एकट्या अ‍ॅव्हिलने यातला एकच दरवाजा बंद होतो. पण श्वास अडकत असेल, घसा सुजत असेल किंवा चक्कर येऊन माणूस कोसळत असेल, तर या दोन्ही औषधांवर विसंबू नये. तिथे पहिलं औषध अ‍ॅड्रेनालिनचं इंजेक्शन आणि पहिली जागा दवाखाना.

तीव्र अ‍ॅलर्जीत एच-१चा धमन्या आवळण्याचा गुण जिवावर बेतू शकतो. १९९१मध्ये निकोलस कूनिस या ग्रीक डॉक्टरांनी अ‍ॅलर्जीच्या झटक्यासोबत येणाऱ्या हृदयशूळाचं वर्णन केलं. मधमाशीचा दंश किंवा अँटिबायोटिकची रिअ‍ॅक्शन हे त्याचं निमित्त होऊ शकतं. मास्ट पेशी फुटतात, हिस्टामिन आणि इतर रसायनं बाहेर पडतात, धमनी आवळते, आणि कधी कधी आधीची चरबीची गाठ फुटून खरोखरचा हार्ट अटॅक येतो. छातीत दुखणारा आणि अंगावर गांधी उठलेला रुग्ण समोर असेल तर दोन्ही गोष्टी एकत्र पाहायला हव्यात, हे अजूनही पुरेसं बोललं जात नाही.

अ‍ॅलर्जीच्या गोळ्या आणि हृदय म्हटलं की अनेकांना टरफेनाडिन आठवतं. झोप न आणणारी गोळी म्हणून ती जगभर खपली, आणि तिने काहींच्या हृदयाचा ताल जीवघेणा बिघडवला. पण यात हिस्टामिनचा काही संबंध नव्हता. प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाची पेशी पुन्हा तयार व्हावी म्हणून पोटॅशियम बाहेर सोडणारी एक वाहिनी असते. टरफेनाडिन त्या वाहिनीत जाऊन अडकत असे. एरवी यकृत ते लगेच बदलून टाकी, म्हणून बहुतेकांना त्रास झाला नाही. सोबत एरिथ्रोमायसिन किंवा बुरशीवरचं केटोकोनॅझोल घेतलं की यकृताचं ते काम थंडावे, आणि न बदललेलं औषध थेट हृदयापर्यंत पोहोचे. अमेरिकेत ते १९९८मध्ये मागे घेतलं गेलं, भारतात २००३मध्ये त्यावर बंदी आली. यकृत त्याचं जे रूपांतर करत असे तेच फेक्सोफेनाडिन. ते वाहिनी अडवत नाही आणि आज आपण तेच थेट गोळी म्हणून घेतो.

शेवटी ब्लॅककडे, कारण त्याच्या आयुष्यात एक विलक्षण जोड आहे. हिस्टामिनकडे वळण्याआधी त्याने अ‍ॅड्रेनालिनचा बीटा रिसेप्टर अडवणारं प्रोप्रॅनोलॉल घडवलं होतं. १९८८च्या नोबेलमागे ही दोन्ही कामं होती. बीटा आणि एच-२ हे हृदयाचे दोन वेगळे दरवाजे, पण दोन्ही उघडतात त्याच सायक्लिक एएमपीच्या दालनात. थकलेल्या हृदयाला बीटा-ब्लॉकर देऊ नये असं डॉक्टर अनेक वर्षं मानत. आज हार्ट फेल्युअरच्या उपचारांत तीच औषधं पायाभूत आहेत, कारण सतत चाबूक बसणारं हृदय लवकर झिजतं.

मग दुसरा दरवाजा लोटला तर? जपानमध्ये हार्ट फेल्युअरच्या ५० रुग्णांवर फॅमोटिडिन वापरून पाहिलं गेलं, तेही बीटा-ब्लॉकर चालू असताना. त्याचा अहवाल २००६मध्ये आला. ज्यांना फॅमोटिडिन मिळालं त्यांची लक्षणं कमी झाली आणि ताणलेलं डावं निलय थोडं आकसलं. २०१६मध्ये अमेरिकेतल्या सहा हजारांहून अधिक लोकांच्या पाहणीत, एच-२ अडवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये हार्ट फेल्युअर कमी आढळलं. पहिला प्रयोग लहान आहे आणि दुसरी नुसती पाहणी. गोळ्या घेणारे लोक इतर बाबतींतही वेगळे असू शकतात. म्हणून हृदयासाठी कोणी आपल्या मनाने फॅमोटिडिन सुरू करू नये. पण गोळी स्वस्त आहे, जुनी आहे, लाखो लोकांनी घेतलेली आहे, आणि मोठ्या, चिठ्ठ्या टाकून गट पाडलेल्या चाचणीची ती हक्कदार आहे असं मला मनापासून वाटतं.