ट्रॅक डे : मोटारीतील द्रवांची निगा

शर्यतीसाठी बांधलेल्या बंदिस्त मार्गावर खाजगी मालकांनी आपापल्या मोटारी शर्यत न लावता पूर्ण वेगाने चालवण्याचा दिवस म्हणजे ट्रॅक डे. वेळ मोजून क्रमांक लावले जात नाहीत आणि बक्षीसही नसते. मोटारीला मात्र त्या दिवशी शर्यतीइतकेच राबावे लागते. प्रस्तुत नोंदीत या प्रसंगी लागणाऱ्या द्रवांचा, मुख्यतः ब्रेक ऑइल व इंजिन ऑइल यांचा, विचार केला आहे. टायर व ब्रेक पॅड हे विषय येथे घेतलेले नाहीत.

प्रथेचा उगम नक्की कोठे मानावा याबद्दल एकवाक्यता नाही. जर्मनीतील न्युर्बर्गरिंग हा मार्ग १९२७ मध्ये खुला झाला. पैसे भरून कोणालाही त्यावर एकदिशा मार्गाप्रमाणे गाडी घालता येई, आणि त्याच्या उत्तरेकडील २०.८ किमी. लांबीच्या वळशावर ही सोय आजही आहे. त्यामुळे काही लेखक तेथूनच आरंभ धरतात. पण गट पाडून, सूचना देऊन, १५ ते ३० मिनिटांच्या सत्रांत चालणारा आजचा ट्रॅक डे बराच अलीकडचा असून तो विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत रुळला असावा. दोन्हींची सांगड घालण्यापेक्षा त्यांना वेगळे मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

ब्रेक ऑइल : गॅरेजमध्ये ‘ऑइल’ म्हणत असले तरी आजचे ब्रेक ऑइल खनिज तेल नसते. ते बहुधा ग्लायकॉल ईथर व त्यांची एस्टरे या रसायनांचे मिश्रण असते. पायाचा दाब मास्टर सिलिंडरपासून (पॅडलला जोडलेल्या दट्ट्याच्या नळकांड्यापासून) चाकाजवळच्या कॅलिपरपर्यंत (चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागापर्यंत) पोचवणे एवढेच त्याचे काम. द्रव दाबला जात नाही म्हणून हे काम होते. द्रवाची वाफ झाली की ती दाबली जाते आणि पॅडल सरळ तळाला जाते.

द्रवचालित ब्रेकचे श्रेय कोणाचे, हा जुना वाद आहे. एका मतानुसार फ्रेड ड्यूसेनबर्ग यांनी १९१४ च्या सुमारास आपल्या शर्यतीच्या मोटारींवर असे ब्रेक वापरून पाहिले. दुसरे मत माल्कम लॉकहीड यांच्या १९१७ च्या एकस्वाकडे (पेटंटकडे) बोट दाखवते. हे माल्कम म्हणजे विमान-उद्योगातील ॲलन लॉकहीड यांचे बंधू. १९१४ ची तारीख मुख्यतः नंतरच्या कथनांवर उभी आहे, तर एकस्व कागदावर आहे. त्यामुळे लॉकहीड यांच्याकडे झुकणे सुरक्षित ठरते. निर्विवाद आहे ते १९२१ साल. त्या वर्षी ल मां येथील फ्रेंच ग्रां प्री शर्यत जिमी मर्फी यांनी चारही चाकांना द्रवचालित ब्रेक असलेल्या ड्यूसेनबर्गमधून जिंकली. त्या ब्रेकमध्ये पाणी व ग्लिसरीन यांचे मिश्रण होते असे नमूद केले जाते. म्हणजे आज जे पाणी ब्रेक ऑइलचा शत्रू समजले जाते, तेच तेव्हा त्याचा निम्मा संसार चालवत होते.

पुढील काळात एरंडेल व अल्कोहॉल यांचे मिश्रण सर्रास वापरात आले. एरंडेल त्या वेळच्या नैसर्गिक रबराला मानवत असे आणि अल्कोहॉल त्याला पातळ ठेवत असे. पण अल्कोहॉल लवकर उकळते (इथेनॉल ७८° से. ला), आणि ड्रम ब्रेकमध्ये चालून गेलेली ही उणीव डिस्क ब्रेक आल्यावर टोचू लागली. जॅग्वार सी-टाइपने १९५३ मध्ये डिस्क ब्रेकच्या जोरावर ल मांची २४ तासांची शर्यत जिंकली. त्यानंतर डिस्कचा प्रसार झाला, आणि कॅलिपरमधील द्रव तापलेल्या पॅडच्या अगदी पाठीशी येऊन बसला.

उष्णता किती, याचा हिशोब सोपा आहे. १,५०० किग्रॅ. वजनाची मोटार ताशी २०० किमी. वरून ८० किमी. वर आणताना सुमारे १९ लाख जूल इतकी गतिज ऊर्जा नाहीशी करावी लागते. हवेचा अडथळा सोडला तर ती जवळजवळ सगळी ब्रेकमध्ये उष्णता होऊन उतरते. तेवढ्यात २०° से. चे साडेपाच लिटरांहून अधिक पाणी उकळीला येईल. रस्त्यावर असा ब्रेक क्वचित मारला जातो, तर ट्रॅकवर एकाच फेरीत अनेकदा.

कोरडा व ओला उत्कलनबिंदू : अमेरिकेच्या ११६ क्रमांकाच्या मोटारवाहन सुरक्षा मानकाने ब्रेक ऑइलचे डॉट वर्ग (डॉट म्हणजे तेथील परिवहन विभागाच्या नावाची आद्याक्षरे) ठरवले आहेत. ‘कोरडा’ म्हणजे ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू, ‘ओला’ म्हणजे पाणी शोषलेल्या ऑइलचा. त्यांतील किमान उत्कलनबिंदू असे : डॉट ३ कोरडा २०५° से., ओला १४०° से.; डॉट ४ अनुक्रमे २३०° व १५५°; डॉट ५ व डॉट ५.१ दोन्ही २६०° व १८०°. डॉट ५ सिलिकॉनचे असते आणि डॉट ५.१ ग्लायकॉलचे. आकड्यांच्या सारखेपणामुळे या दोहोंची गल्लत होते व ती महागात पडते.

‘ओला’ या शब्दाचा अर्थ बहुतेक ठिकाणी ‘३.७ टक्के पाणी असलेले ऑइल’ असा दिला जातो. तो ढोबळ आहे. मानकातील चाचणीत तपासायचा नमुना व एक प्रमाण द्रव शेजारीशेजारी दमट हवेत ठेवतात. प्रमाण द्रवाने ३.७ टक्के पाणी शोषले की चाचणी थांबते. तोवर नमुन्याने कमी पाणी शोषले असेल किंवा जास्तही. त्यामुळे ओला आकडा दोन गोष्टी एकत्र सांगतो : द्रव किती पाणी ओढतो आणि ओढलेले पाणी तो किती सोसतो. डॉट ४ मधील बोरेट एस्टरे पाण्याशी रासायनिक रीत्या जोडली जातात म्हणून आरंभी उत्कलनबिंदू टिकून राहतो. ही शिदोरी संपली की घसरण सुरू होते.

ट्रॅकसाठी कोणता आकडा पाहावा याबाबत दोन पक्ष आहेत. एक पक्ष ओल्या आकड्यावर भर देतो. सिलिकॉन एस्टरवर (डॉट ५ मधील सिलिकॉनहून वेगळ्या रसायनावर) आधारलेले कॅस्ट्रॉल एसआरएफ (कोरडा ३१०° ते ३२०° से., ओला २७०° से.) हे त्याचे लाडके उदाहरण. दुसरा पक्ष म्हणतो की ऑइल वारंवार बदलणाऱ्याचा ओल्या अवस्थेशी संबंधच येत नाही, त्याने मोट्यूल आरबीएफ ६६० सारखे (कोरडा सु. ३२५°, ओला सु. २०५° से.) स्वस्त ऑइल घ्यावे व प्रत्येक ट्रॅक डेपूर्वी नवे भरावे. दुसरा युक्तिवाद सरळ आहे, आणि बहुतेकांना तोच परवडतो. पण तो बदलण्याच्या शिस्तीवर उभा आहे, आणि शिस्त बाटलीत मिळत नाही. कोकणपट्टी किंवा चेन्नईसारख्या दमट हवेत तर उघडून ठेवलेली अर्धी बाटली पुढच्या वेळी वापरू नये.

मग पाणी न शोषणारे सिलिकॉनचे डॉट ५ का नको? अमेरिकी लष्कराने १९८० च्या दशकात ते स्वीकारले, कारण वर्षानुवर्षे उभ्या राहणाऱ्या वाहनांना ते सोयीचे होते. पण त्यात शिरलेले पाणी विरघळत नाही. ते सर्वांत खालच्या जागी म्हणजे कॅलिपरमध्ये साचते, १००° से. ला उकळते व धातूला गंज चढवते. शिवाय सिलिकॉनमध्ये हवा विरघळून राहते आणि पॅडल मऊ लागते. ग्लायकॉलचे जलशोषण हा दोष नव्हे, तो पाण्याला एका जागी साचू न देणारा गुण आहे, असे मानणारे मत येथे ग्राह्य धरले आहे.

एअर काढणे : जुने ऑइल काढून नवे भरताना दोन माणसे लागतात. एक पॅडलवर बसतो, दुसरा रिंग पाना व पारदर्शक नळी घेऊन चाकापाशी. ‘दाब’, ‘धर’ म्हणायचे, निपल (कॅलिपरवरील ऑइल सोडण्याचा पोकळ स्क्रू) पाव आटा सैल करायचा, नळीतून ऑइल व बुडबुडे निघाले की निपल आवळायचा आणि मगच ‘सोड’. आवळण्याआधी पाय सुटला तर हवा परत आत. मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरच्या चाकापासून आरंभ करण्याची रूढी आहे, म्हणजे उजव्या स्टिअरिंगच्या मोटारीत डाव्या मागच्या चाकापासून. काही उत्पादक वेगळा क्रम देतात, तेव्हा त्यांचाच पाळावा.

एटे या जर्मन कंपनीने एकाच घटकांचे ऑइल निळ्या व पिवळसर अशा दोन रंगांत विकले. एकदा निळे, पुढच्या वेळी पिवळसर भरले की नळीतला रंग पालटताच जुने संपल्याचे कळे. अमेरिकी मानकाला ग्लायकॉल ऑइल रंगहीन ते पिवळसर असावे लागते. त्यामुळे तेथील बाजारातून निळे हद्दपार झाले, आणि मेकॅनिकांची हळहळ अजून गेलेली नाही. ऑइलच्या काळेपणावरून मात्र त्यात पाणी किती हे ठरवता येत नाही.

सत्र संपवून थेट पिटमध्ये (मार्गालगतच्या थांब्यात) थांबणे घातक असते. चालत्या गाडीत डिस्कवर वारा खेळतो. थांबताच तो बंद होतो आणि डिस्कची उष्णता कॅलिपरमधील ऑइलकडे सरकते. त्यामुळे शेवटची फेरी सावकाश, शक्यतो ब्रेक न लावता घेतात व उभ्या गाडीला हँडब्रेक लावत नाहीत. घाटात ज्या गियरने चढायचे त्याच गियरने उतरायचे, ही आपल्याकडच्या चालकांची जुनी शिकवण याच कारणाची दुसरी बाजू होय.

इंजिन ऑइल : येथे वाद श्यानतेचा, म्हणजे ऑइलच्या घट्टपणाचा, आहे. १०डब्ल्यू-६० सारख्या नावात ‘डब्ल्यू’पूर्वीचा आकडा थंडीतील व नंतरचा गरम ऑइलचा दर्जा सांगतो. बीएमडब्ल्यूच्या एम विभागाने आपल्या काही उच्चगती इंजिनांसाठी १०डब्ल्यू-६० सांगितले, तर पोर्शच्या ए४० या मान्यतेत ०डब्ल्यू-४० बसते. १००° से. ला ४० दर्जाच्या ऑइलची श्यानता १२.५ ते १६.३ चौ. मिमी. प्रतिसेकंद असते, ६० दर्जाची २१.९ ते २६.१. घट्ट ऑइल गरम बेअरिंगवर जाड थर ठेवते, पण ते ढकलण्यात शक्ती जाते व तीही उष्णताच होते. इंजिन ज्या ऑइलवर घडवले तेच प्रथम वापरावे आणि तापमापकाने १३०° से. च्या पुढे वारंवार दाखवले तर ऑइल कूलर पाहावा, घट्ट ऑइल त्यानंतर. हे मत अधिक सावध आहे.

ऑइलच्या प्रतीइतकीच त्याची पातळी महत्त्वाची असते. वळणावर गुरुत्वाइतके पार्श्विक त्वरण आले की संपमधील (इंजिनाच्या तळाच्या ऑइलपात्रातील) ऑइलचा पृष्ठभाग ४५ अंशांनी कलतो. लांब वळणावर पंपाचे तोंड उघडे पडते, ऑइलऐवजी हवा ओढली जाते व बेअरिंग काही सेकंदांत खराब होऊ शकते. त्यामुळे पातळी डिपस्टिकवरील वरच्या खुणेला ठेवतात. खुणेच्या वर भरणेही बरे नाही, कारण क्रँक त्याला घुसळून फेस करतो. पंपाचे तोंड उघडे पडण्यावर मुळातला उपाय म्हणजे ऑइल वेगळ्या टाकीत ठेवणारी ड्राय संप रचना. एरंडेलाचा उल्लेख इथेही येतो : कॅस्ट्रॉल हे नाव १९०९ च्या सुमारास ऑइलमध्ये मिसळलेल्या एरंडेलावरूनच, म्हणजे त्याच्या ‘कॅस्टर’ या इंग्रजी नावावरून, पडले.

इतर द्रव : गियरबॉक्समध्ये पितळी सिंक्रो रिंग (गियर बदलताना वेग जुळवणाऱ्या कड्या) असतील तर जीएल-५ ऐवजी उत्पादकाने सांगितलेले जीएल-४ या दर्जाचे गियर ऑइल घालतात, कारण जीएल-५ मधील गंधकयुक्त पूरके पितळाला बाधू शकतात. लिमिटेड स्लिप डिफरन्शियलला (एकच चाक मोकळे फिरू न देणाऱ्या गियरसंचाला) वेगळे ऑइल लागते. निम्मे पाणी व निम्मे इथिलीन ग्लायकॉल असे कूलंट वातावरणीय दाबाखाली सुमारे १०७° से. ला उकळते. रेडिएटरच्या झाकणाने दाब राखला की हा बिंदू आणखी वर जातो. नुसते पाणी उष्णता अधिक वाहून नेते. सांडलेले ग्लायकॉल डांबरावर निसरडे होते, म्हणून मोटारसायकल शर्यतींत बऱ्याच ठिकाणी ते वर्ज्य आहे.

भारतातील कायमच्या मार्गांपैकी चेन्नईजवळील इरुंगाट्टुकोट्टई (१९९० पासून), कोइम्बतूरजवळील कारी मोटर स्पीडवे व ग्रेटर नोएडातील ५.१२५ किमी. लांबीचे बुद्ध सर्किट (२०११) हे प्रमुख होत. मुंबई-पुण्याहून चेन्नईला मोटार चालवत नेणाऱ्याची हजाराहून अधिक किमी. वाटेतच होतात. अशा वेळी घरून निघताना मोजलेली ऑइलची पातळी तेथे पोचल्यावर, गाडी सपाट जागी काही मिनिटे उभी करून, पुन्हा पाहतात.