कैदी-जहाजांवरील सर्जनच्या रोजनिश्या पाहण्यासाठी: पात्रता, कागदपत्रे आणि अर्ज अडण्याची कारणे

ब्रिटनमधून ऑस्ट्रेलियाला कैदी नेणाऱ्या जहाजांवर १८१५ पासून सरकारतर्फे नौदलाचा सर्जन नेमला जाऊ लागला. कैद्यांना लिंबाचा रस मिळतो की नाही, अंथरुणे वाळवली जातात की नाही, हे पाहणे आणि आजाऱ्यांची रोज नोंद ठेवणे हे त्याचे काम होते. या रोजनिश्या लंडनमधील क्यू येथे, ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात ‘एडीएम १०१’ या मालिकेत जतन केलेल्या आहेत. त्या पाहण्यासाठी पदवीची किंवा ब्रिटिश नागरिकत्वाची अट नाही.

बहुतेकांचे घोडे अडते ते जहाजाच्या नावापाशी. एकच जहाज अनेकदा कैदी घेऊन जात असे. ‘सरी’ या जहाजाने अशा ११ सफरी केल्या. त्यामुळे जहाजाच्या नावाबरोबर सफरीचे सालही हाताशी हवे. त्यातही ‘सरी’ची पहिली सफर १८१४ची. त्या सफरीत तापाची साथ पसरली आणि ‘सरी’सह तीन जहाजांवरील मृत्यूंविषयी सिडनीतील सर्जन विल्यम रेडफर्न यांनी दिलेल्या अहवालानंतरच सरकारी सर्जनची पद्धत रूढ झाली. म्हणून त्याआधीच्या सफरींसाठी अशा रोजनिशीची अपेक्षा ठेवू नये. अभिलेखागाराच्या सूचीतील तारखाही नीट वाचाव्यात. त्या रोजनिशीच्या असतात, जहाज सुटल्याच्या नव्हेत. सर्जन जहाजावर आधीच रुजू झालेला असे.

मूळ कागद हाताळण्यासाठी वाचकपत्र लागते. त्याची नोंदणी ऑनलाइन सुरू करता येते, परंतु नावाचा एक आणि पत्त्याचा एक असे दोन स्वतंत्र पुरावे लागतात. भारतीय पारपत्राच्या शेवटच्या पानावर पत्ता असतो, म्हणून तेवढ्यावर भागेल असे समजून आपली माणसे निघतात; मात्र एकच कागद दोन्हींसाठी चालत नाही. एवढा विमानखर्च करून आलेल्या माणसाला एका कागदापायी परत पाठवणारा हा नियम कठोर आहे, पण तो आहे, तेव्हा पत्त्याचा वेगळा मूळ पुरावा सामानात आठवणीने ठेवावा. वाचनकक्षात पेन चालत नाही, शिसपेन्सिल चालते.

खरे तर तिकीट काढण्याआधी ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचे ‘ट्रोव्ह’ हे संकेतस्थळ पाहावे. ऑस्ट्रेलियाला गेलेल्या अनेक जहाजांच्या रोजनिश्यांची सूक्ष्मचित्रे (मायक्रोफिल्म) तेथे विनामूल्य उघडतात. नाव, वय, कैदी की पहाऱ्याचा शिपाई, आजार, आजाऱ्यांच्या यादीत घेतल्याची तारीख, आणि शेवटच्या रकान्यात तो बरा झाला की दगावला: एका ओळीत एका माणसाची सारी हकिकत येते. आजारांची नावे बहुधा लॅटिनमध्ये असतात, ‘स्कॉर्ब्युटस’ म्हणजे स्कर्व्ही, क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा आजार.

मुंबई इलाख्यातून काळ्या पाण्यावर गेलेल्या पूर्वजांचा शोध मात्र या मालिकेत घेऊ नये. त्यांच्यासाठी मुंबईतील महाराष्ट्र राज्य पुराभिलेखागारात न्याय विभागाच्या दप्तरांपासून आणि लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतील इंडिया ऑफिसच्या कागदपत्रांपासून सुरुवात करावी.