फेक साईटवर पैसे गेले? तक्रार कुठे करायची, काय काय लागतं

इन्स्टावर हजार रुपयात पैठणीची जाहिरात दिसते, साईट अगदी खरी वाटते, पैसे भरले की ऑर्डर नंबर पण येतो आणि मग ना पार्सल ना उत्तर. असं झालं की त्या साईटच्या कस्टमर केअरला फोन लावत बसू नका, आधी 1930 ही सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाईन लावा. पैसे पुढच्या खात्यात फिरायच्या आत तिथले लोक बँकेला कळवू शकले तरच ते होल्ड होतात, म्हणून उद्या बघू असं अजिबात करू नका. आपल्या बँकेलाही लगेच कळवा.

फोन करताना हाताशी ठेवा: बँकेचं नाव, खाते नंबर, रक्कम, तारीख-वेळ आणि यूटीआर, म्हणजे व्यवहाराचा नंबर. यूपीआयने भरले असतील तर अ‍ॅपच्या हिस्टरीत तो व्यवहार उघडा, 12 आकडी नंबर दिसेल, तोच. ओटीपी किंवा पिन फोनवर कुणी मागितला तर सांगायचा नाही, फोनवरच्या तक्रारीला तो लागतच नाही.

मग cybercrime.gov.in म्हणजे सायबर क्राईम डॉट जीओव्ही डॉट इन वर मोबाईल ओटीपीने लॉगिन करून सविस्तर तक्रार भरा. रक्कम छोटी आहे म्हणून सोडू नका, पाचशे गेले तरी तक्रार करता येते. आधार, पॅन असं एखादं ओळखपत्र, बँक स्टेटमेंट, साईटचा पूर्ण पत्ता, जाहिरात आणि चॅटचे स्क्रीनशॉट लागतील. हे स्क्रीनशॉट आधीच काढा, या साईट गायब व्हायला वेळ लागत नाही. तक्रारीचा नंबर जपून ठेवा. होल्ड झालेले पैसे आपोआप परत येतील असं धरून चालू नका, काही वेळा त्यासाठी कोर्टाचा आदेश लागतो, म्हणून सायबर पोलिसांकडे पाठपुरावा करत रहा.

विक्रेता खरा आहे पण खराब माल पाठवून रिफंड देत नाही, तर ते प्रकरण वेगळं. तिथे 1915 ही ग्राहक हेल्पलाईन, आणि तरी नाही ऐकलं तर जिल्हा ग्राहक आयोग. आपण राहतो त्याच जिल्ह्यात केस टाकता येते, 5 लाखांपर्यंत फी नाही, वकील लागतोच असं नाही, मुदत 2 वर्षं. बिल, पेमेंटचा पुरावा आणि ईमेल जोडा.

आणि तक्रारीनंतर "पैसे परत मिळवून देतो, आधी प्रोसेसिंग फी भरा" असा फोन आला तर तोही फ्रॉडच, एक रुपया देऊ नका, तो नंबर पण पोलिसांना कळवा.